डोळ्यातलं फूल आणि समोरचा झोत

खत-बियाणे आणि कीड-रोग सोडून कृषी खात्यातल्या माणसाने डोळ्यांवर का लिहावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या डोळ्यांविषयी मी लिहितो आहे, त्यांना मार शेतातच बसलेला असतो. कुणाला उसाचं पातं लागलेलं असतं, कुणाच्या डोळ्यात बाजरी मळताना कुसळ गेलेलं असतं, कुणाला धार काढताना म्हशीच्या शेपटीचा फटका बसलेला असतो. आठ-पंधरा दिवसांत किंवा महिन्या-दोन महिन्यांत दुखणं थांबतं, लाली जाते, आणि बुबुळावर एक पांढुरका डाग तेवढा राहून जातो. आपल्याकडे त्याला ‘फूल पडलं’ म्हणतात. मग तो विषय संपला असे सगळे धरून चालतात, पण त्या माणसाच्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. दिवसा बांधावरून नीट चालतो, पेपर वाचतो, नेत्र शिबिरात तक्त्यावरच्या खालच्या ओळीही वाचून दाखवतो. मात्र रात्री समोरून मोटरसायकल आली की जागच्या जागी उभा राहतो. संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून गाडी हाकायची म्हटली की नको म्हणतो. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला जायचं असेल तर पोराला पुढे घालतो. घरातले म्हणतात, ‘नजर चांगली आहे की, काम टाळतोय.’ कागदावर त्यांचे म्हणणे बरोबर दिसते, कारण केसपेपरवर ‘6/9’ लिहिलेले असते. तरीही माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यात प्रकाश विखुरतो, आणि हे विखुरणे तक्त्यावर दिसत नाही.

सरीतला ऊस आणि लोळलेला ऊस

बुबुळाच्या पुढे काचेसारखा एक पडदा असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून आतल्या पडद्यावर गोळा करण्याचे दोन तृतीयांश काम तोच करतो. त्यात रक्तवाहिनी नाही. मात्र तो कातडीसारख्याच धाग्यांनी, कोलॅजेनच्या तंतूंनी बनलेला आहे. कातडीतून आरपार दिसत नाही, मग यातून कसे दिसते?

लंडनचे संशोधक डेव्हिड मॉरिस यांनी 1957 साली याचे उत्तर मांडले. पारपटलातले तंतू अतिशय बारीक असतात, एका मिलिमीटरात 30 हजारांच्या आसपास शेजारी शेजारी मावतील इतके. आणि ते ठरावीक अंतरावर, एकाला एक समांतर मांडलेले असतात. प्रत्येक तंतू थोडा प्रकाश बाजूला फेकतो खरा, पण अंतर सारखे असल्याने बाजूला जाणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात आणि फक्त सरळ जाणारा प्रकाश उरतो. पुढे या मांडणीत बारीकसारीक दुरुस्त्या झाल्या, मात्र मुद्दा टिकला आहे. पारदर्शकपणा त्या मांडणीत आहे.

तुम्ही चार फुटी सरीतल्या उसाच्या टोकाला उभे राहा. सरी सरळ असेल तर पार पलीकडचा बांध दिसतो. तोच ऊस वादळात लोळला की दहा पावलांवरचे दिसत नाही. ऊस तितकाच असतो, मांडणी गेलेली असते. जखमेनंतर पारपटलाचे असेच होते. ज्या पेशी एरवी शांत पडून असतात त्या जाग्या होऊन घाईघाईने जखम भरतात, आणि नवे तंतू जाडेभरडे, वेडेवाकडे पडतात. त्यांच्यावर आदळलेला प्रकाश दाही दिशांना जातो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. पारपटलाचा सगळ्यात वरचा पापुद्रा स्वतःहून भरून येतो. नुसता तेवढाच खरचटला असेल आणि त्यात जंतू शिरले नसतील तर एक ते तीन दिवसांत डोळा पूर्ववत होतो, डाग राहत नाही. जखम त्याच्या खालच्या थरात गेली, किंवा खरचटलेल्या जागी जंतू-बुरशी वाढून तिने खालचा थर खाल्ला, तरच फूल पडते. पाते लागणे आपल्या हातात नसते, पण त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत काय करायचे ते बरेचसे आपल्या हातात असते.

पातळ डाग जास्त का छळतो

लोक डागाचा रंग बघून अंदाज करतात. पांढराफेक डाग म्हणजे मोठे नुकसान आणि धुरकट डाग म्हणजे किरकोळ, असा समज आहे. नेत्रवैद्यक शिकवणारे मात्र वेगळे सांगतात. बाहुलीच्या एका कडेला असलेला दाट पांढरा डाग तेवढ्यापुरता प्रकाश अडवतो, बाकीच्या स्वच्छ जागेतून माणूस बरेच पाहतो. याउलट बाहुलीवर पसरलेला पातळ धुरकट डाग प्रकाश अडवत नाही, तो आत सोडतो आणि आत सोडताना पसरवतो. पुन्हा त्या जागचा पृष्ठभाग खडबडीत झालेला असेल तर प्रतिमा वेडीवाकडीही होते. म्हणून कधी कधी तो जास्त त्रास देतो.

पॉलिहाऊस केलेल्यांना हे लगेच कळेल. 200 मायक्रॉनचा पेपर घेताना आपण मुद्दाम प्रकाश पसरवणारा घेतो. ऊन खालच्या पानांपर्यंत पोचते, सावल्या पडत नाहीत, ढोबळी आणि जरबेरा खूश असतो. पण त्या पेपरमधून बाहेरचा माणूस ओळखू येतो का? आत उजेड भरपूर असतो, बाहेरचे स्पष्ट मात्र काहीच दिसत नाही. असा पेपर पिकाला चांगला, डोळ्यावर मात्र तोच संकट.

आणखी एक गंमत, गंमत म्हणावी तर. आपल्याला जो पांढरा डाग दिसतो तो त्या डोळ्यातून उलट बाहेर फेकलेला प्रकाश असतो. त्या माणसाला छळतो तो आत, दृष्टिपटलावर पसरलेला प्रकाश. ही दोन प्रमाणे सारखी असतीलच असे नाही. म्हणून बाहेरून बघून ‘एवढंसं तर फूल आहे’ म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

दिवसा हे का भागून जाते? कारण दिवसा सगळीकडे जवळपास सारखा उजेड असतो आणि पसरलेल्या प्रकाशाचा पातळ पडदा खपून जातो. रात्री समोरच्या गाडीचा दिवा रस्त्याच्या मानाने हजारो पटींनी प्रखर असतो. त्यातला थोडासा हिस्सा जरी डोळ्यात विखुरला तरी अंधारातली ट्रॉली, बैल किंवा खड्डा यांच्यावर पांढरी चादर पडते. खात्री करायची असेल तर स्वच्छ चष्म्याच्या काचेवर तेलाचे बोट अगदी हलके फिरवा आणि दुपारी कॅलेंडर वाचा. वाचता येईल. मग रात्री तोच चष्मा घालून, कुणाला तरी समोर बॅटरी धरायला सांगून, बॅटरीच्या बाजूला ठेवलेली बादली शोधा.

तक्ता काय सांगतो

अक्षरांचा तक्ता हॉलंडचे डॉक्टर हर्मान स्नेलेन यांनी 1862 साली काढला. काळी अक्षरे, पांढरा कागद, ठरावीक अंतर. बारीक गोष्ट ओळखता येते का, एवढेच तो मोजतो, आणि ते काम चोख करतो. फिकट अक्षरे ओळखता येतात का, झोत समोर असताना दिसते का, हे तो विचारतच नाही. फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा वेगळा तक्ता 1988 पासून आहे. विखुरणे थेट मोजण्याची पद्धत हॉलंडमध्येच, अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी बसवली. तीत एक लखलखणारी कडी दाखवतात आणि मधल्या वर्तुळाचा डावा भाग जास्त लुकलुकतो की उजवा, ते विचारतात. त्यावरून आकडा निघतो. तरुण निरोगी डोळ्याचा आकडा 0.9 च्या आसपास येतो. तो 0.3 ने वाढला म्हणजे विखुरणे दुप्पट झाले. वय वाढेल तसा तो निरोगी माणसातही वाढतो, त्यामुळे साठीनंतर सगळ्यांनाच झोत थोडा बोचतो.

असे यंत्र तालुक्याला मिळणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण एक साधी खूण घरी बघता येते. दिवा आणि त्याच्या बाजूची एखादी अंधुक वस्तू अशा दोन्ही समोर येतील असे उभे राहा. नजर वस्तूवर ठेवा आणि तळहाताने फक्त दिवा झाका. दिवा झाकताच वस्तू लख्ख दिसू लागली, आणि फूल पडलेल्या डोळ्यात हा फरक चांगल्या डोळ्यापेक्षा बराच जास्त वाटला, तर ही गोष्ट डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. ‘दिसत नाही’ एवढेच सांगितले तर ते तक्ता वाचायला लावतील आणि तुम्ही वाचाल.

पहिला दिवस

आता सगळ्यात महत्त्वाचे. केंद्र सरकारच्या 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 50 वर्षांखालील लोकांमध्ये अंधत्वाचे पहिले कारण पारपटलावरचे डाग हेच निघाले. म्हणजे मोतीबिंदू म्हाताऱ्यांना गाठतो, तर हे कमावत्या हातांना.

पाला-पाचोळ्याच्या जखमेत बुरशी शिरते. ही बुरशी तुम्हाला परकी नाही. तूर आणि हरभरा मर रोगाने वाळतो तो फ्युजेरियममुळे. भुईमुगाच्या शेंगेवर हिरवट-पिवळी भुकटी धरते ती अॅस्परजिलसची. डोळ्यात वाढणाऱ्या बुरशा याच दोन घराण्यांतल्या जास्त असतात. आपण बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो, पण ऊस तोडताना डोळ्याला साधा गॉगल लावत नाही.

नेपाळच्या भक्तपूर भागात गावपातळीवर काम झाले, त्याचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच आरोग्य स्वयंसेवकांनी डोळ्याला खरचटलेल्या 442 जणांना क्लोरॅम्फेनिकॉलचे 1 टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावले. मार लागल्यापासून 18 तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. जे उशिरा आले त्यांच्यातल्या काहींची चिघळली. पूर्ण चित्र द्यायचे तर हेही सांगितले पाहिजे की नेपाळमध्येच झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, अशी योजना राबवलेल्या गावांत चिघळलेल्या डोळ्यांचे एकूण प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. माझा त्यातून काढलेला अर्थ असा, की मलम गावात ठेवून भागत नाही, माणूस वेळेत यावा लागतो. आणि आपला माणूस येत नाही. तो म्हणतो, पट्टा संपू दे, मोळ्या बांधून होऊ देत, रविवारी बघू.

तेव्हा डोळ्याला पातं, काटा, कुसळ लागलं आणि खुपणं, पाणी येणं थांबेना, तर त्याच दिवशी आशा ताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. डोळा चोळू नका. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कुसळ काढू नका. मध, तूप, बाळंतिणीचे दूध, पानांचा रस यातले काही घालू नका. आणि दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ मागून आणू नका. हे मी मुद्दाम वेगळे लिहितो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असलेले थेंब घातले की लाली आणि ठणका कमी होतो, माणसाला बरे वाटते, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. बाटलीवर ही नावे असली आणि डॉक्टरांनी तपासून दिलेली नसली तर ती बाटली डोळ्याजवळ नेऊ नका. बुरशीवरचे औषध वेगळे असते. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नॅटामायसिन हे जुने औषध नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमवर. पण डोळ्यातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच कोणते औषध ते ठरते.

चुना आणि रुईचा चीक

तंबाखूच्या चुन्याची ट्यूब पोरं दाबतात आणि ती फुटून चुना डोळ्यात उडतो. चुना पारपटल जाळत आत शिरतो. इथे दवाखाना नंतर, पाणी आधी. नळाखाली, तांब्याने, जसे मिळेल तसे, स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवा, पापण्या उलटून आतले चुन्याचे कण धुऊन काढा आणि मगच निघा. फवारणीचे औषध उडाले तरी हेच करायचे.

रुईच्या चिकाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ असते, आणि दशपर्णी अर्कासाठी आम्हीच तुम्हाला रुईची पाने तोडायला सांगतो. तो चीक डोळ्यात गेला की बऱ्याचदा फारसे दुखत नाही, नुसते धुके आल्यासारखे होते. पारपटलाच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पारपटलात झिरपणारे पाणी अखंड उपसत राहतो, विहिरीवरच्या मोटारीसारखा. चीक त्या थरालाच इजा करतो. उपसा थांबतो, पारपटल फुगते, तंतूंमधले अंतर बिघडते आणि प्रकाश विखुरू लागतो. बहुतेकांचे उपचाराने निवळते. मात्र त्या थरातल्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून दुखत नाही यावर जाऊ नका. अर्क करताना गॉगल आणि हातमोजे वापरा.

वयस्कर माणसांत हाच उपसा आपोआप मंदावतो असाही एक आजार आहे. ओळखायची खूण म्हणजे सकाळी उठल्यावर जास्त धूसर, दुपारपर्यंत निवळ. रात्रभर मिटलेल्या पापणीखाली पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी फुगवटा जास्त असतो. घरात कुणी अशी तक्रार करत असेल तर मोतीबिंदू समजून थांबू नका.

डाग राहिलाच तर

काळे चष्मे रात्री उपयोगाचे नाहीत. ते झोतही कमी करतात आणि बैलही, प्रमाण तेच राहते. पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे विकतात त्यांचाही फायदा चाचणीत दिसलेला नाही, पैसे घालवू नका. दिवसा पुढे कड असलेली टोपी मात्र खरोखर उपयोगी, कारण आभाळाचा वरून येणारा प्रकाश ती डोळ्यात शिरूच देत नाही. रात्री दोन्ही डोळ्यांत फूल असलेल्या माणसाने गाडी चालवू नये, हे कडू वाटले तरी लिहितो.

खडबडीत पृष्ठभागामुळे होणारा वाकडेपणा कडक काँटॅक्ट लेन्सने बराच सुधारतो, विखुरणे मात्र तिने जात नाही. शेतातल्या धुळीत ती सांभाळणेही सोपे नाही. वरवरचा डाग लेसरने घासता येतो. खोल असेल तर पारपटल बदलावे लागते, किंवा त्याचा बिघडलेला थर तेवढा.

हे पहिले यशस्वी कलम ज्याच्यावर झाले तोही शेतमजूरच होता. आजच्या झेक देशातल्या ओलोमोत्स गावी 7 डिसेंबर 1905 रोजी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी अलोइस ग्लोगार याच्या दोन्ही डोळ्यांना कलम केले. त्याचे डोळे चुन्यानेच गेले होते. पारपटल मिळाले ते लोखंडी कण लागून डोळा काढावा लागलेल्या 11 वर्षांच्या मुलाचे. दोनपैकी एक कलम फळले आणि ग्लोगार पुन्हा कामाला लागला. आज शास्त्र खूप पुढे गेले, तरी पारपटल अजून माणसाचेच लागते. मृत्यूनंतर सहा तासांत ते काढावे लागते. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदू झालेल्यांचे, मधुमेह असलेल्यांचेही चालते. पथक येईपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. आपल्या गावांना नेत्रपेढी लांब पडते, त्यामुळे सहा तासांतले दोन तर प्रवासातच जातात. जवळच्या नेत्रपेढीचा फोन ग्रामपंचायतीच्या फलकावर कायमचा लिहून ठेवावा.

कलम झालेल्यांनीही गाफील राहू नये. टाके आणि वाकडेपणामुळे झोताचा त्रास काही काळ राहू शकतो. पण डोळा लाल होणे, उजेड न सोसणे, दुखणे किंवा अचानक अंधुक होणे यातले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शरीर कलम नाकारत असल्याची ती खूण असू शकते.

सरपंच आणि ग्रामपंचायतीसाठी

ऊस वाहतुकीच्या काळात ट्रॉली आणि बैलगाडीला मागे लाल रिफ्लेक्टर हवेतच. ते कुणा मद्यपी ड्रायव्हरसाठी नाहीत. समोरच्या झोतात पांढरी चादर बघणाऱ्या माणसाला रंगवलेली ट्रॉली दिसत नाही, प्रकाश परत फेकणारा तुकडा दिसतो. दुसरे, वेशीवर आणि चौकात एलईडी दिवे बसले आहेत. चांगली गोष्ट झाली. पण त्यातले कित्येक उघडे, तिरपे, येणाऱ्याच्या थेट डोळ्यात मारणारे आहेत. रस्त्यापेक्षा डोळ्यातच जास्त उजेड. दिव्याचे तोंड सरळ खाली करून त्याला पत्र्याची छोटी टोपी लावली की रस्ता तेवढाच उजळतो आणि झोत तुटतो. वायरमनला हे काम एका दुपारचे आहे. सुरुवात शाळा आणि दूध संघाच्या रस्त्यापासून करा, पहाटे त्या वाटेने किटल्या घेऊन जाणारी माणसे जास्त असतात.